आईच्या उशाशी काय वाचू?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई ६८ वर्षांची, माळकरी. गाव बारामतीकडचं, सध्या मुलाकडे पुण्यात. अंडाशयाचा कॅन्सर तिसऱ्या स्टेजला कळला, ऑपरेशन झालं, आता केमो चालू आहे. मुलगा विचारतो: "हरिपाठ आईचा रोजचा होता, आता पुस्तक धरवत नाही. मी वाचून दाखवू का? माझा स्वतःचा देवावर विश्वास नाही, मग ते ढोंग होईल का? मध्येच गीता वगैरे काढली तर तिला वाटेल, आता आपलं संपत आलं. आत्या म्हणते, गुरुचरित्राचं पारायण कर, सगळं नीट होईल. रात्री मी स्वतःसाठी काही वाचायला घेतो, तर एक पान पुढे सरकत नाही. वाचनाने खरंच काही होतं का?"

मी उपशामक सेवेत, म्हणजे गंभीर आजारातला त्रास हलका करणाऱ्या सेवेत, समुपदेशक म्हणून काम करते. पेशंटपेक्षा नातेवाइकांशीच माझं जास्त बोलणं होतं आणि हे प्रश्न शब्द बदलून रोज कानावर येतात.

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते. वाचनाने गाठ विरघळत नाही. रक्ततपासणीतला सीए-१२५चा आकडा, ज्यावरून या आजाराचा अंदाज घेतात, तो हरिपाठाने खाली येत नाही, तो उतरला तर औषधाने उतरतो. हे आधीच सांगून टाकते, कारण वाचनातून पुढे जे हिशोब निघतात ते निस्तरण्यात माझा बराच वेळ जातो. "इतकी पोथी वाचली, तरी रिपोर्ट असा का आला?" पोथीला सोबतीला बसवा, वशिला लावायला पाठवू नका. एवढं सांभाळलंत तर वाचनासारखा आधार नाही. लांबलेल्या आजारात दिवसाला आकारच उरत नाही. औषधांच्या वेळा, तपासण्या, भेटायला येणारे आणि त्यांचे सल्ले, यातच दिवस सरतो. त्यात दहा मिनिटं अशी, की ज्यात आजाराबद्दल कोणीच काही बोलत नाही, ही लहान गोष्ट नव्हे.

आता आईचं. पुस्तक धरवत नाही म्हणता, तर आधी तिची बोटं बघा. या आजारात बहुधा पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन अशी जोडी देतात. त्यातल्या पॅक्लिटॅक्सेलने बोटांची टोकं बधिर होतात, मुंग्या येतात. हरिपाठाचं ते खिशात मावणारं पुस्तक, पातळ कागद, बारीक टाइप. पान उलटतच नाही, एकदम चार पानं येतात. घरातली माणसं म्हणतात, "आईचं देवातलं लक्ष उडालं, तिने आशाच सोडली." लक्ष उडालेलं नसतं, बोटाला पान कळत नसतं. हे ऑन्कॉलॉजिस्टच्या कानावर घालायलाच हवं. त्रास वाढत असेल तर ते डोस बदलतात, आणि पेशंट आपणहून हे सांगत नाहीत.

केव्हा वाचायचं हे घड्याळापेक्षा केमोच्या तारखेवर ठरवा. सायकल साधारण २१ दिवसांची असते. केमोच्या दिवशी औषधाआधी स्टेरॉइड आणि अॅलर्जी होऊ नये म्हणून एक इंजेक्शन देतात. त्या इंजेक्शनने गुंगी येते. डे-केअरच्या खुर्चीत आई पेंगत असेल तर झोपू द्या, तेव्हा वाचून काही उपयोग नाही. उलट त्या किंवा दुसऱ्या रात्री स्टेरॉइडमुळे झोप येत नाही. रात्री दीड-दोनला बाई टक्क जागी असते, घर झोपलेलं असतं आणि नको ते विचार त्याच वेळी येतात. दिवसातून एकदाच वाचणं जमणार असेल तर ही वेळ धरा. पुढचे तीन-चार दिवस अंग आणि सांधे दुखतात. तेव्हा आधी दुखण्याची गोळी, तिचा असर झाल्यावर अभंग. दुखणाऱ्या माणसाला ज्ञानेश्वरांचीसुद्धा कटकट होते. सातव्या दिवसापासून चौदाव्यापर्यंत पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली असतात, आमच्याकडे सगळे म्हणतात तसे "काउंट पडलेले" असतात. पाहुणे बंद, देऊळ बंद. घर ओस पडतं. तेव्हा जरा जास्त वाचा.

आणि याच दिवसांत पोथीच्या मागून येणाऱ्या गोष्टींवर नजर ठेवा. काउंट पडलेल्या माणसाच्या जिभेवर अंगारा ठेवायचा नाही, कुठून कुठून आलेलं तीर्थ पाजायचं नाही, उशाशी फुलं आणि तुळशीची पानं ठेवायची नाहीत. त्यातला साधा जंतूही तिला महागात पडू शकतो. अंगारा पुडीतच राहू द्या, उशाशी नको, फोटोजवळ ठेवा. ऑक्सिजन चालू असेल तर त्या खोलीत निरांजन नाही, उदबत्ती नाही, कापूर तर नाहीच. गिळायला त्रास होत असेल तर गंगाजलाचा चमचासुद्धा श्वासनलिकेत जाऊ शकतो. ओठ ओल्या कापसाने टिपले की तेवढं पुरे. पोथीला प्लॅस्टिकचं कव्हर घाला म्हणजे पुसता येते. यातल्या कशाने श्रद्धेला धक्का लागत नाही. मी हे सगळं माळकऱ्यांना सांगत आले आहे, ऐकतात.

काय वाचायचं? ती जे वाचत होती तेच. नवा ग्रंथ आणून सुरुवात करू नका. हरिपाठ सावकाश म्हटला तरी अर्ध्या तासात होतो, पण सगळा व्हायलाच हवा असं नाही. तीन अभंग घ्या. ती थकली की कपाळावर बारीक आठी येते, मान वळते किंवा उगाच "हो, हो" सुरू होतं. तिथे थांबा, अभंग अर्धा राहिला तरी चालेल.

चुकीचं वाचलं जाईल म्हणून घाबरू नका. फलटणकडच्या एक आजी होत्या. दोन दिवस कोणाशी धड बोलल्या नव्हत्या, भिंतीकडे तोंड करून पडून होत्या. जावई सॉफ्टवेअरमधला, शिक्षण सगळं इंग्रजीतून. सासूबाईंचा हरिपाठ घेऊन बसला आणि दुसऱ्याच अभंगात "षट्शास्त्रीं"वर अडखळला. तीनदा वेगवेगळं म्हणून बघितलं. आजी भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाल्या, "षट्... शास्त्रीं. तोडून म्हणा, जावईबापू." मग पुढची ओळ स्वतःच म्हटली, त्याच्या पुढचीही. सलाईन बदलायला आलेली सिस्टर बाटली हातात धरून उभी राहिली. जावई दुसऱ्या दिवशी मुद्दाम चुकला, हे त्याने मला नंतर सांगितलं. आजारी पडल्यापासून त्या बाईला सगळे फक्त सांगत होते: हे खा, कूस बदला, हात द्या, सुई टोचणार आहे. दुसऱ्याला काही शिकवायची संधी तिला कित्येक दिवसांनी मिळाली होती. तुमच्या आईला ती द्या. मुद्दाम चुकायची गरज पडणार नाही असा माझा अंदाज आहे.

ढोंगाबद्दल. आपल्याकडे श्रावणात, चातुर्मासात वाड्यावर किंवा देवळात पोथी लागायची तेव्हा वाचायला कोणाला बसवत? ज्याला अक्षर वाचता येतं त्याला, बऱ्याचदा घरातल्या शाळकरी पोराला. त्याची श्रद्धा किती, याची चौकशी कोणी करत नसे. ऐकणाऱ्यांचं ऐकणं हीच भक्ती. नवविधा भक्तीत पहिली पायरी श्रवणाची आहे. तुम्ही फक्त आवाज द्यायचा आहे, भक्ती आईची आहे. तिच्यासमोर डोळे मिटून भाव आणायचा प्रयत्न तेवढा करू नका. ते तिला कळेल आणि तुम्हालाही अवघड होईल. पेपर वाचून दाखवावा तसं सरळ वाचा. विनोबांच्या आईला संस्कृत गीता समजत नव्हती, तेव्हा तूच मराठीत का करत नाहीस, असं ती मुलाला म्हणाली होती. १९१८ साली ती गेली. 'गीताई' लिहून झाली १९३१ मध्ये. जिच्या एका वाक्यातून ते पुस्तक निघालं तिच्या कानावर ते पडलंच नाही. तुमच्या हातातलं पुस्तक तयार आहे आणि ऐकणारी समोर आहे. श्रद्धेचा निकाल नंतर सावकाश लावा.

तुमची पुढची भीती मात्र अगदी रास्त आहे. आपल्या घरांत कोणत्या वेळी काय वाचतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. गरुडपुराण माणूस गेल्यावर. गीता किंवा विष्णुसहस्रनाम एरवी रोजचं असलं, तरी आजाऱ्याच्या उशाशी अचानक मोठ्याने सुरू झालं की त्याचा अर्थ सगळे एकच लावतात, आणि सगळ्यात आधी लावतो तो खाटेवरचा माणूस. एक काका मला हळूच म्हणाले होते, "आज सुनेने सहस्रनाम लावलं. डॉक्टर काही बोलले का तिला?" सून बिचारी घरी दर शनिवारी लावायची, तसं तिने इथेही लावलं होतं. म्हणून आईला विचारा. प्रस्तावना नको. "आई, काही वाचू का? हरिपाठ घेऊ का दुसरं काही?" एवढंच. नको म्हणाली तर नको, उद्या परत विचारा. कधी कधी माणसाला देवाचं काहीच नको असतं. त्याला गावाकडच्या पावसाची बातमी हवी असते, उसाला काय दर मिळाला ते हवं असतं. तेही वाचनच. बारामतीकडच्या बाईला सोमेश्वर-माळेगाव साखर कारखान्यांच्या बातम्यांत अभंगाइतकी शांती मिळाली तर मला नवल वाटणार नाही.

इथेच एक सांगायचं आहे आणि ते या उत्तरातलं सगळ्यात महत्त्वाचं समजा. वाचता वाचता ती मध्येच विचारेल, "माझं काय होणार रे?" अशा वेळी नव्वद टक्के मुलं पुस्तकात मान घालतात आणि पुढचा अभंग घेतात. "आई, तू नाव घे, सगळं नीट होईल." त्या क्षणी हरिपाठ दोघांच्या मधली भिंत होतो. पुस्तक मिटा. बोट पानात ठेवून मिटू नका, खरंच मिटून बाजूला ठेवा. तिला उलट विचारा, "तुला काय वाटतंय?" ती जे बोलेल ते पूर्ण ऐका. भीती सांगेल, दागिन्यांचं सांगेल, धाकट्या बहिणीला बोलावून घे म्हणेल. तुम्हाला जेवढं ठाऊक आहे तेवढं खरं सांगा; ठाऊक नसेल तर डॉक्टरांना दोघं मिळून विचारू म्हणा. सिसिली साँडर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू केलं. त्यांनी मांडलेली 'टोटल पेन'ची कल्पना आम्ही अजून वापरतो. अंगाचं दुखणं, मनाचं, घरादाराच्या काळजीचं आणि "माझ्याच वाट्याला का" हे, अशी चारही दुखणी एकमेकांत गुंतलेली असतात, एकाला सोडून दुसऱ्यावर उपचार होत नाही. त्या चौथ्या दुखण्यावर पुस्तक काम करतं. तिसऱ्यावर करत नाही; तिथे बोलावं लागतं, बँकेच्या पासबुकावर नाव लावावं लागतं.

आता आत्याचं गुरुचरित्र. सप्ताह पद्धतीचं पारायण म्हणजे सात दिवस, ठरलेले अध्याय, सोवळं-ओवळं, जेवणाचे नियम, चटईवर झोपणं. ज्यांची ती रीत आहे त्यांनी जरूर करावं. पण ज्याच्या अंगावर पेशंट आहे त्याने सध्या या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. तुम्हाला रात्री दोनला उठायचं आहे, पहाटे ताप आला तर गाडी काढायची आहे. केमोवरच्या माणसाला शंभरच्या वर ताप म्हणजे थेट हॉस्पिटल, तिथे "आजचे अध्याय संपवून येतो" चालत नाही. आणि पारायण मोडलं की काय होतं ते मी पाहिलं आहे. एका सुनेने सासऱ्यांसाठी सप्ताह धरला, पाचव्या दिवशी तिला पाळी आली आणि पारायण अर्धवट राहिलं. पुढच्या आठवड्यात स्कॅनमध्ये यकृतात गाठी दिसल्या. घरात कोणी मोठ्याने बोललं नाही, पण सासूने एकदा "सात दिवस पार पडले असते तर..." एवढं वाक्य अर्धवट सोडलं. ते वाक्य सासरे गेल्यावरही त्या मुलीच्या मानगुटीवर बसून राहिलं. स्कॅनमध्ये दिसणाऱ्या गाठी पाच दिवसांत उगवत नाहीत हे तिला तीन वेगवेगळ्या डॉक्टरांकडून सांगून घ्यावं लागलं.

त्याच ग्रंथात कर्मविपाकाचा भाग आहे: कोणत्या पापाने कोणता जन्म, कोणतं दुःख. धडधाकट माणूस तो एक वेळ वाचून पुढे जाईल. केमोने केस गेलेल्या बाईच्या कानावर तो पडू देऊ नका. अशी माणसं आधीच रात्र रात्र जुनी चूक शोधत असतात. त्याच कारणाने "तुमचे विचारच तुमचा आजार घडवतात" म्हणणारी नव्या धाटणीची पुस्तकंही घरात आणू नका. भेटायला येणारे ती हमखास आणतात, चकचकीत कव्हरची. पूर्वजन्माचं पाप आणि नकारात्मक विचार, दोन्हींचा निष्कर्ष एकच, दोष तुझा. थँक्यू म्हणून कपाटात टाका.

मग आधार शोधताना संतांकडे कसं जायचं? माझा अनुभव असा की लोक संतांचं शांत झालेलं तेवढं उचलतात आणि त्याआधीचा आकांत सोडून देतात. व्हॉट्सअॅपवर "बरें जालें देवा निघालें दिवाळें" फिरतं. कोणाच्या तरी घरी आयसीयूचं बिल येतं आणि मामा ग्रुपवर तो अभंग टाकतात. तुकारामांनी तो म्हटला तो स्वतःबद्दल, भोगून झाल्यावर. १६३०च्या दुष्काळात त्यांनी जे पाहिलं ते त्यांनीच एका ओळीत सांगून ठेवलं आहे, "स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली." ही ओळ मी नातेवाइकांना वाचायला सांगते. त्यात उपदेश नाही, देवाचं समर्थन नाही, घडलं ते सांगितलं आहे. रात्री कॉरिडॉरमध्ये बसलेल्या माणसाला कोणीतरी आपल्याआधी इथे बसून गेलं आहे एवढं कळतं, आणि मला वाटतं तेवढ्याने पाठ जरा टेकते.

राग येत असेल तर जनाबाई काढा. "अरे विठ्या अरे विठ्या, मूळ मायेच्या कारट्या" असं म्हणणारी बाई आपल्या परंपरेत संत म्हणून बसली आहे. पुढच्या ओळी तर याहून कडक आहेत, त्यात ती विठ्ठलाचं मढंच काढते. तुमची आई माळकरी आहे, तिला हे नवं नाही. देवावर चिडलो म्हणून आपली भक्ती बाटली असं वाटणाऱ्या पेशंटला मी हा अभंग वाचून दाखवते, आणि बहुतेक जण हसतात. तुम्ही नास्तिक असलात तरी विठ्याला शिव्या घालायला कोणाची हरकत नसावी.

तुमच्या स्वतःच्या वाचनाबद्दल. पान पुढे सरकत नाही हे बिघडल्याचं लक्षण नाही. घरात मोठं आजारपण असलं की मन सतत कानोसा घेत असतं: खोकली का, उठली का, फोन वाजला का. वाचायला जे अवधान लागतं ते तिकडे खर्ची पडलेलं असतं. ज्ञानेश्वरी उघडून पहिल्या ओवीपासून सुरू कराल तर दुसऱ्या दिवशी सोडाल. नऊ हजार ओव्या आहेत आणि भाषा १२९० सालची. घ्यायचीच असेल तर सार्थ प्रत घ्या आणि बारावा अध्याय काढा, तो आटोपशीर आहे. मला विचाराल तर आधी विनोबांची 'गीता प्रवचने' घ्या. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात कैद्यांपुढे दर रविवारी केलेली ही भाषणं साने गुरुजींनी उतरवून घेतली. समोर बसलेल्यांना इच्छेविरुद्ध एका जागी अडकवलेलं होतं, म्हणून की काय, ओपीडीबाहेरच्या बाकड्यावर ती फार बरी वाचली जातात. देवाचं नाव येतं, पण ती देव मानायची सक्ती करत नाहीत. देवाधर्माचा उपदेश अजिबातच नको असेल तर लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' ही आत्मकथा. प्लेगपासून बेघर होण्यापर्यंत सगळं त्या बाईने सोसलं आहे आणि तरी पानोपानी हसवते.

तेही जमत नसेल तर वाचू नका, लिहा. एक वही आणा आणि रोज एक अभंग, किंवा कवितेच्या चार ओळी, हाताने उतरवून काढा. रामनामाच्या वह्या लिहिणाऱ्या आज्यांना हे केव्हाच कळलं होतं. डोळा ओळीवरून घसरतो, पण हात एका वेळी एकच अक्षर लिहू शकतो. शिवाय रात्री हातात पेन असेल तर फोन नसतो. दोनच्या सुमारास "तिसरी स्टेज किती वर्षं" असं शोधणारे तुम्ही एकटे नाही, सगळे शोधतात. तिथे मिळणारे आकडे हजारो बायकांचे असतात, तुमच्या आईचे नसतात. ते डॉक्टरांना दिवसा विचारा.

फोनवरून हरिपाठ लावण्याबद्दल एक इशारा. लावा, पण आधी डाउनलोड करून. "देवाचिये द्वारी" ऐन रंगात आलं असताना गादीची जाहिरात किंचाळते, शेजारच्या खाटेवरचं बाळ उठतं, मावशी ओरडतात. आवाज बारीक ठेवा किंवा एका कानाला इअरफोन लावा. शेजारच्या खाटेवर कोण आहे याचंही भान हवं. आमच्या वॉर्डात एका बाजूला वसईच्या ख्रिस्ती कुटुंबात तेविसावं स्तोत्र, "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे", चाललेलं असतं, पलीकडे कोणी कुराणातला यासीन पढत असतं, कोपऱ्यात बौद्ध उपासक बोज्झंग परित्त म्हणतात. आजारी पडलेल्या महाकस्सप या शिष्यापुढे स्वतः बुद्धांनी बोधीची सात अंगं सांगितली होती, तेच ते. प्रत्येकाने हळू आवाजात वाचलं की सगळ्यांचं होतं. यावरून कधी भांडण झालेलं मला आठवत नाही, भांडणं होतात ती पंख्याच्या वेगावरून.

पुढे कधी तब्येत उतरली आणि ती गुंगीत राहू लागली, तर तेव्हाही वाचा. तिला ऐकू येतं की नाही हे छातीठोकपणे सांगता येत नाही, पण ऐकू येतंय असं धरूनच खाटेजवळ बोलायचं, वागायचं, अशी आमची रीत आहे. म्हणून तिथे खर्चाची चर्चा नको. आणि एक गैरसमज आत्ताच काढून टाकते. दुखणं वाढलं की डॉक्टर मॉर्फिन सुचवतात, तेव्हा घरचे म्हणतात, "नको, शेवटी नाम घ्यायला शुद्ध हवी." बेताने दिलेल्या मॉर्फिनने सुरुवातीचे काही दिवस झोप येते, मग ती बरीच कमी होते आणि माणूस बोलतो, ऐकतो. दुखण्याने तळमळणाऱ्या माणसाच्या तोंडी नाम येत नाही, फक्त "आई गं" येतं. गोळी द्या.

उपशामक सेवेचं नाव काढलं की लोक दचकतात, तसं दचकू नका. ती केमोबरोबरच सुरू करता येते. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून हे काम करतं आणि पेशंटकडून पैसे घेत नाही. तुमच्या हॉस्पिटलमध्येही मेडिकल सोशल वर्कर असतील, पुढच्या ओपीडीला फाइल घेऊन जाल तेव्हा विचारा.

राहिली आत्या. तिला नाही म्हणू नका, तिला काम द्या. ती लांब आहे, वहिनीसाठी काही करता येत नाही म्हणून तळमळते आहे, पारायणाचा आग्रह त्यातून आला आहे. तिला म्हणा, "आत्या, माझ्याच्याने नियम पाळले जाणार नाहीत. तू तुझ्या घरी कर, आईच्या नावाने." तिचंही वय झालं असेल, शुगर असेल, तर सप्ताहाऐवजी रोज चौदावा अध्याय वाच म्हणा, संकटात तेवढाच वाचायची पद्धत आहे, ती हे जाणत असेलच. वाचून झालं की संध्याकाळी तिने आईला फोन करावा. फोनवर रिपोर्टचं विचारायचं नाही, एवढी अट आधीच घाला. बाकी दोघी काय बोलायचं ते बोलतील.